दादरचा बारावी सायन्सचा संध्याकाळचा क्लास: पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन एकट्या केमिस्ट्रीच्या सरांचे

क्लासचं नाव लिहीत नाही. खाली दोन-तीन तक्रारी आहेत, आणि ज्या केमिस्ट्रीच्या सरांमुळे मी फार्मसीच्या कॉलेजपर्यंत आले ते हे वाचण्याची शक्यता आहे. दादर पश्चिमेला कबुतरखान्याच्या पुढे एका साड्यांच्या दुकानाला लागून लाकडी जिना वर जातो. तिसरी पायरी हलते. ज्यांना शोधायचाय त्यांना एवढी खूण पुरे.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू आपल्या कामाचा आहे की नाही ते कळेल. वय चौतीस, राहायला भांडुप. दहावी मराठी माध्यमातून. अकरावी कॉमर्सला नाव घातलं आणि त्याच दिवाळीत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे मेडिकलच्या काउंटरवर लागले. डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं, गोळ्यांची पाकिटं डोळे मिटून काढता येतात, शेड्यूल एच वनचं रजिस्टर (जपून विकायच्या औषधांची नोंद) कसं भरायचं ते पाठ आहे. कागदावर मात्र मी दहावी पास हेल्पर.

पहिल्या ज्या दुकानात होते तिथे फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, माणूस महिन्यातून एकदा चहा प्यायला यायचा. एफडीएची माणसं येणार अशी कुणकुण लागली की मला मागच्या खोलीत खोकी मोजायला पाठवायचे. एकदा मी मागे उभी असताना बाहेर मालक एका म्हाताऱ्या आजींना गोळ्या समजावत होता, आणि चुकीचं समजावत होता. मी पडद्याआडून ओरडून सांगितलं, आजी, ती रात्रीची गोळी, सकाळची नव्हे. त्या दिवशी ओरडा खाल्ला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला की आपल्याला हे रीतसर करता येईल का.

आताचे शेठ चांगले आहेत. त्यांच्या दुकानात फार्मासिस्ट खरोखर बसतो. शेठच्या वडिलांचा हार घातलेला फोटो गल्ल्यामागे आहे. ते कंपाउंडर होते, फार्मसीचं कॉलेज त्यांनी बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं, तरी रजिस्टर्ड फार्मासिस्ट. कसे? तर १९४८ चा फार्मसी ॲक्ट आला तेव्हा पहिल्या रजिस्टरात नाव घालायला पाच वर्षं औषधं बनवण्याचा अनुभवही चालत होता. दुकानाच्या लायसन्ससाठी अनुभवी माणसाला ‘क्वालिफाइड पर्सन’ म्हणून मान्यता मिळण्याची सोय पुढेही होती. तीही ३१ डिसेंबर १९६९ ला बंद झाली. शेठ म्हणाले, ‘‘बाई, तू आमच्या आप्पांच्या जमान्यात जन्माला यायला हवी होतीस.’’ आले नाही, काय करणार.

तर आजची अट अशी. डी.फार्म.ला म्हणजे दोन वर्षांच्या डिप्लोमाला बारावी सायन्स पास हवं, फिजिक्स, केमिस्ट्री आणि जोडीला बायोलॉजी किंवा मॅथ्स. बी.फार्म.ला, म्हणजे डिग्रीला, साधारण तेच, इंग्रजी विषय असायला हवा आणि वर सीईटी. काउंटरची बारा वर्षं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. पत्रव्यवहाराने किंवा घरबसल्या केलेली फार्मसी फार्मसी कौन्सिल मानत नाही. पण त्याआधीची बारावी घरबसल्या केली तर चालते, कारण नायॉस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे आणि त्याची बारावी सीबीएसईच्या बारावीच्या तोडीची धरली जाते. हे एक वाक्य मला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर माझे बारा हजार वाचले असते.

ते बारा हजार कुठे गेले तेही सांगून टाकते. घाटकोपर स्टेशनबाहेर एक ऑफिस होतं. काच, एसी, गणपती. ‘पंचेचाळीस दिवसांत बारावी सायन्स, परीक्षेला बसण्याची गरज नाही.’ मी विचारलं, प्रॅक्टिकल? तो म्हणाला, ‘‘मॅडम, सगळं मॅनेज होतं.’’ बोर्डाचं नाव भारदस्त, त्यात ‘दिल्ली’ही होतं आणि ‘उच्च माध्यमिक’ही. मी टोकन भरून आले. रात्री आमच्या दुकानातल्या फार्मासिस्टदादाला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. शालेय बोर्डांची एक राष्ट्रीय परिषद आहे, कॉब्से नावाची. तिच्या यादीत बोर्ड आहे का एवढं पाहायचं. नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले तर टोकन ‘नॉन रिफंडेबल’. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. औषधाच्या पाकिटावरची एक्स्पायरी रोज वाचणारी बाई मी, पावती उलटून बघितली नाही.

त्यानंतर नायॉसच्या बारावीची तयारी करून घेणारा हा क्लास. फी छत्तीस हजार, तीन हप्ते. एक गोष्ट नीट समजून घ्या, ही फी क्लासची. नायॉसची स्वतःची फी, प्रवेश आणि परीक्षा मिळून, माझ्या वेळी पाच हजारांच्या आत बसली. पुस्तकं बोर्डाकडूनच येतात आणि वेबसाइटवर फुकटही आहेत. म्हणजे छत्तीस हजार कशाचे? शिकवण्याचे. तर शिकवतात का ते बघू.

वेळ साडेसात ते साडेनऊ, सोमवार ते शुक्रवार. मी दुकानातून सव्वासहाला निघायचे आणि भांडुपहून स्लो लोकल पकडायचे. उलट्या दिशेची गर्दी, त्यामुळे कधी कधी बसायला मिळायचं. प्रत्येक स्टेशनला एक गोष्ट पाठ करायची असा नेम केला होता. कांजूरला आम्ल, विक्रोळीला आम्लारी, घाटकोपरला काहीच नाही कारण तिथे माणसं अंगावर येतात. माटुंग्याला आयसीटीची, म्हणजे तिथल्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेची, मुलं चढायची, पाठीवर सॅक, हातात रोल केलेले कागद. ते बी.फार्म.च करत असतील असं नाही, पण मी आपली त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, थांबा, येते.

वर्गात आम्ही अकरा जण. परळच्या एका हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, लॅबसाठी घरोघर रक्त गोळा करणारा मुलगा, पोहण्याच्या स्पर्धांमुळे शाळा सोडलेली सोळा वर्षांची एक पोरगी (तिची आई बाहेर जिन्यावर बसून स्वेटर विणायची, मुंबईत!), दोन नापास इंजिनियर. मी सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी पोहणारी पोरगी मला ‘मॅडम’ म्हणाली, तिला वाटलं मी शिकवायला आलेय.

आता केमिस्ट्रीचे सर. ज्युनियर कॉलेजातून रिटायर झालेले, सत्तरीच्या आसपास, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक खडू. मोल नावाची भानगड मला कळत नव्हती. व्हिडिओ पाहिले, पुस्तक वाचलं, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात पाठ केला, तरी डोक्यात शिरेना. तिसऱ्या आठवड्यात सरांनी विचारलं, ‘‘मेडिकलवाली कोण? उद्या ओआरएसचं पाकीट आण.’’

नेलं. सरांनी पाकीट उलटं केलं आणि मागचा तक्ता वाचायला सांगितला. हे पाकीट मी आजवर किती हजार वेळा गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असेल, मागची बाजू कधी वाचली नव्हती. एक लिटर पाण्यात सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. आणि खाली दुसरा तक्ता, सोडियम ७५, क्लोराइड ६५, आणि आणखी दोन-तीन आकडे. सर म्हणाले, ‘‘वरच्या तक्त्यात ७५ कुठे दिसतंय का? नाही ना? मग हे आलं कुठून?’’

फळ्यावर मीच केलं. मिठाचा रेणुभार साडेअठ्ठावन. २.६ भागिले ५८.५, म्हणजे ०.०४४ मोल, म्हणजे ४४ मिलिमोल. सोडियम ४४ झालं, ७५ नाही. मी थांबले. सर काही बोलले नाहीत, खडूने सायट्रेटकडे बोट दाखवलं. ट्रायसोडियम. ट्राय. एका सायट्रेटमध्ये तीन सोडियम! २.९ भागिले २९४, त्याची तिप्पट, जवळपास ३०. चव्वेचाळीस आणि तीस, चौऱ्याहत्तर. ‘‘एक कमी पडला,’’ मी म्हटलं. ‘‘ग्रॅमचे आकडे गोल केलेत, म्हणून,’’ सर म्हणाले, ‘‘क्लोराइड करून बघ.’’ मिठाचे ४४.४, पोटॅशियम क्लोराइडचे २०.१, बेरीज साडेचौसष्ट. पासष्ट! वॉर्डबॉयने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई ओआरएस घ्यायला आली आणि म्हणाली, अर्ध्या ग्लासात टाकून देते बाळाला. मी तिला इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की शेठ आतून म्हणाले, ‘‘सोड त्या बाईला, रिक्षा उभी आहे तिची.’’

या एका तासासाठी मी छत्तीसमधले वीस हजार माफ केले.

प्रॅक्टिकलसाठी क्लासकडे लॅब अशी नाही. मागच्या खोलीत एक टेबल, एक ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची काचनळी), दोन फ्लास्क, आणि नळाला खालून बादली. त्यावर सरांनी सगळ्यांना पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करायला लावलं. ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये मोहर्स सॉल्ट (लोखंडाचा एक क्षार) आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. थेंब पडतो, जांभळा डाग येतो, हलवलं की जातो. पडतो, येतो, जातो. मग एक थेंब असा येतो की गुलाबी छटा जातच नाही. तिथे थांबायचं. माझं दर वेळी पुढे जायचं, फिका गुलाबी सोडून थेट जास्वंदी. सरांनी माझा हात धरून नाही, नुसतं शेजारी उभं राहून दाखवलं. शेवटी शेवटी ब्युरेटचा नळ इतका हळू फिरवायचा की थेंब टोकाला लोंबकळतो, पडत नाही. मग फ्लास्कची आतली कड त्याला लावून तो पुसून घ्यायचा आणि पाण्याने खाली धुवायचा. अर्धा थेंब. आणि परमँगनेट इतकं गडद की त्याच्या पृष्ठभागाचा खालचा वक्र दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घ्यायचं. पुढे बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षकांनी मला विचारलेला एकमेव प्रश्न हाच होता, वरची कड का? मी उत्तर दिलं आणि मागच्या टेबलावरच्या मुलाने लगेच आपलं वाचन खोडून दुसरं लिहिलं.

नायॉसच्या पुस्तकांबद्दलही दोन शब्द. केमिस्ट्रीचा कोड ३१३, फिजिक्स ३१२, बायोलॉजी ३१४. ती स्वतः वाचून समजावं अशी लिहिलीत, मध्ये मध्ये प्रश्न थांबवतात आणि उत्तरं धड्याच्या शेवटी. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजी सुरुवातीला टोचतं. मी शेजारी एक वही ठेवली होती, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे शाळेत शिकलेला. ‘व्हॅलन्सी’समोर ‘संयुजा’ लिहिलं आणि सातवीच्या बाई आठवल्या. कागद पातळ आहे, पेन्सिलीनेच लिहा.

बायोलॉजीच्या मॅडम ठीक. आकृत्या सुंदर काढतात, शिकवणं त्या आकृत्यांपुरतं. पाठांतर तुमचं तुम्हालाच करायचंय, त्यामुळे फार तक्रार नाही.

फिजिक्स. इथे दीड गुण गेला. शिकवायला एक तरुण इंजिनियर यायचा, दुसऱ्या दोन क्लासमध्ये पण जायचा, घड्याळाकडे बघत बघत ‘हे तुम्हाला येतंच’ म्हणायचा. आम्हाला येत असतं तर आम्ही इथे कशाला आलो असतो, हे त्याला कुणी सांगावं? ऑप्टिक्स दोन तासांत उरकलं. सेमीकंडक्टर ‘ऑप्शनला टाका’. एप्रिलच्या परीक्षेत मला लेखीत ८० पैकी २१. पास व्हायला ३३ टक्के लागतात, आणि लेखी वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं पास व्हावं लागतं. बाकी चार विषय सुटले, फिजिक्स राहिलं. घरी आल्यावर लेक म्हणाली, ‘‘आई, तू नापास झालीस? मग आता तुला पण तीच इयत्ता?’’ सासूबाई पदराआड हसल्या. मीही हसले, काय करता.

मुक्त शाळेचा खरा फायदा इथे कळला. वर्षातून दोनदा परीक्षा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. नाव घातल्यापासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मी फिजिक्स एकटीने काढलं, बोर्डाची व्हिडिओ लेक्चर्स आणि भांडुपच्या वाचनालयातलं कोपऱ्यातलं टेबल. ऑक्टोबरला सुटलं. शेवटी एकूण ३२९, म्हणजे ६५.८ टक्के. त्यातले सगळ्यात जास्त ७७ गृहविज्ञानाला, जो मी पाचवा विषय म्हणून घेतला होता. नवरा म्हणतो, पुरावा मिळाला, आता रविवारची मटणाची भाजी माझ्याकडून नको मागूस.

क्लासच्या ऑफिसबद्दल मात्र सावध करते. प्रवेशाचा फॉर्म ‘आम्हीच भरतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. मी टेन्शन घेतलं नाही. त्यांनी मोबाइल नंबर क्लासचा टाकला, ईमेल क्लासचा टाकला, आणि बायोलॉजीचा ३१४ टाकण्याऐवजी ३११ टाकला. ३११ म्हणजे मॅथ्स. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही प्रवेश निश्चितीचा कागद मी हट्टाने मागून घेतला म्हणून. जाब विचारला तर ताई काय म्हणाल्या असतील? ‘‘अगं, फार्मसीला मॅथ्सपण चालतं ना!’’

चालतं. ती गोष्ट खरी आहे, त्यामुळे राग आणखी आला. पण दोन महिने मी पानं, मुळं आणि मूत्रपिंड पाठ करत होते, त्याचं काय? विषय बदलायची मुदत आणि फी दोन्ही असतात. मुदत सुदैवाने शिल्लक होती. बदलाची फी क्लासने द्यावी असं मी म्हटलं, त्यांनी नाही दिली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, फॉर्म स्वतः भरा. नंबर स्वतःचा, ईमेल स्वतःचा, पासवर्ड स्वतःचा. वेबसाइट मोबाइलवर चालते, अर्धा तास लागतो. ज्याला औषधाच्या एमआरपीवर डिस्काउंट काढता येतं त्याला हा फॉर्म भरता येतो.

दुसरी भानगड टीएमएची, म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय. ऑफिसात झेरॉक्स केलेली तयार उत्तरं मिळतात, पाचशे रुपयांना पाच विषय. केमिस्ट्रीच्या सरांना हे माहीत नव्हतं असं मला वाटतं. निदान मला तसं वाटून घ्यायचंय. मी चार विषय स्वतः लिहिले. फिजिक्सचं उतरवलं. त्यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं होतं आणि ती चूक आम्हा अकराही जणांच्या वहीत एकाच ओळीवर होतं.

शौचालय खालच्या मजल्यावर, साड्यांच्या दुकानवाल्याच्या मेहरबानीवर. बायकांनी लक्षात ठेवा.

क्लास संपल्यावर पुढे काय, हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही, म्हणून थोडं मीच लिहिते. बारावी हातात आली की दोन रस्ते. एक, एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट देऊन थेट बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला. दोनशे प्रश्न असतात, त्यातले शंभर बायोलॉजीचे, चुकलं तर गुण कापत नाहीत. वयाची वरची मर्यादा नाही, मी विचारून आले. दुसरा, आधी डी.फार्म. त्याला सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या फेऱ्यांतून प्रवेश. मी दुसरा घेतला, कारण चार वर्षं कमाईशिवाय आमचं घर चालणार नाही. डिप्लोमावर रजिस्टर्ड फार्मासिस्ट होता येतं आणि पुढे डिप्लोमाच्या गुणांवर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात.

कागदपत्रं तपासायला गेले तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, ‘‘कॉलेजचा दाखला?’’ मी नायॉसचं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट पुढे केलं. त्याने ते उलटं-सुलटं केलं, शेजारच्याला दाखवलं, शेजारच्याने मान हलवली, झालं. गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि डोमिसाइल आधीच काढून ठेवा. गॅप किती वर्षांचा, या रकान्यात मी आकडा लिहिला तेव्हा तो माणूस पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, ‘‘शाब्बास हां, ताई.’’

आता मी बदलापूरकडच्या एका कॉलेजात डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळे दुकानात आता फक्त संध्याकाळी सहा ते दहा. मजा अशी की सकाळची माझी गाडी पुन्हा उलट्या दिशेची, बसायला मिळतंच. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं तो विषय, सुरू झाल्यापासून गाडी खंडाळ्याला गेली तरी कळणार नाही. अमॉक्सिक्लॅवचं ड्राय सिरप पाणी घालून दिलं की फ्रीजमध्ये ठेवा आणि सात दिवसांत संपवा, हे मी बारा वर्षं पोपटासारखं सांगत होते. पाणी लागलं की त्यातलं क्लॅव्हुलॅनेट तुटत जातं, म्हणून ते तसं, हे आता कळलं. उरलेलं सिरप पुढच्या महिन्यात दुसऱ्या मुलाला देणाऱ्या आयांशी आता मी जास्त भांडते.

परीक्षा झाल्यावर पाचशे तास प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहे, किमान तीन महिन्यांत, आणि त्यातले निदान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवर औषध देण्याचे. हे वाचून शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘‘बारा वर्षं काय केलंस मग?’’ पण बारा वर्षं धरत नाहीत, पाचशे तास नव्याने मोजायचे. शिवाय २०२२ च्या नियमांत रजिस्ट्रेशनआधीची एक्झिट परीक्षा सांगितलीय, तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के. कॉलेजच्या परीक्षेत चाळीसला पास असतं, इथे पन्नास. क्लासवाल्यांनी याचे क्लास सुरू केले तर फिजिक्सच्या सरांना लांब ठेवा, एवढीच विनंती.

अनुभवाला एका ठिकाणी मात्र भाव आहे. डी.फार्म. करून रजिस्टर झालेल्या माणसाने चार वर्षं दुकानात किंवा हॉस्पिटलात फार्मसी केली की त्याच्यासाठी दोन वर्षांचा बी.फार्म. प्रॅक्टिस नावाचा कोर्स नियमांत आहे. माझी मावसबहीण लेस्टरला असते, वृद्धांची देखभाल करायची. तिकडे म्हणे मोठ्या वयाच्या माणसांसाठी ‘ॲक्सेस’ नावाचा एक वर्षाचा डिप्लोमाच असतो, तो धरून काही विद्यापीठं चार वर्षांच्या एम.फार्म.ला घेतात, मग वर्षभर ट्रेनिंग आणि नोंदणीची परीक्षा. तिने फोनवर विचारलं, तुमच्याकडे नाही का असं? मी म्हटलं, आमच्याकडे ॲक्सेस म्हणजे नऊ संधी आणि लाकडी जिना.

गुण असे: केमिस्ट्री तीन, बायोलॉजी अर्धा, फिजिक्स शून्य, ऑफिसबद्दल बोलू नये. ज्याला केमिस्ट्री आणि वेळेची शिस्त दोन्ही जमते त्याने क्लासला न जाता नुसती पुस्तकं आणि व्हिडिओंवर करावं, पैसे वाचतील. ज्याला माझ्यासारखं मोल कळत नाही त्याने फक्त केमिस्ट्रीची फी विचारावी. एका विषयाची चौदा हजार सांगतात, दहावर येतात.

मागच्या महिन्यात सरांना पेढे द्यायला गेले होते. सर नव्हते, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ऑफिसातल्या ताईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, ‘‘बाहेर बघितलंस का?’’ जिन्याच्या तोंडाशी नवा फ्लेक्स. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’, त्यात माझा फोटो, प्रवेशाच्या फॉर्मवरचाच, आणि खाली ‘बी.फार्म.ला प्रवेश’. मी म्हटलं, ताई, डी आहे, बी नाही, बदला. ‘‘अगं, होशीलच की,’’ म्हणाल्या. फ्लेक्स अजून तसाच आहे. दादरला फुलं घ्यायला गेले की मी समोरच्या फुटपाथने जाते.